विक्का, ड्रुइड, गोल्डन डॉन : या परंपरा खरोखर किती जुन्या आहेत?

मृण्मयी_वाचते

नमस्कार. गेले काही महिने मी युरोपातील आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवतांची उपासना करणारे, पंथ आणि गूढविद्येची मंडळे यांविषयी वाचत आहे, आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढत चालला आहे. एका पुस्तकात लिहिलेले असते की विक्का हा ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून गुप्तपणे चालत आलेला 'जुना धर्म' आहे, चेटकिणींच्या छळातून तो जेमतेम तगला आणि विसाव्या शतकात जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थांनी तो उजेडात आणला. दुसऱ्या पुस्तकात तितक्याच ठामपणे सांगितलेले असते की याच गृहस्थांनी निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळात हा सगळा प्रकार रचला. ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांच्या, बाबतीत तेच, आणि 'गोल्डन डॉन' या मंडळाच्या बाबतीत तर कोणा जर्मन बाईंच्या पत्रांची कथा येते, ती खरी की खोटी हेच कळत नाही.

गार्डनर यांना खरोखर कोणाकडून काही मिळाले होते का, हे मला प्रथम जाणून घ्यायचे आहे. त्याला जोडूनच विचारते, अ‍ॅलिस्टर क्रोली या गूढविद्येच्या इंग्रज लेखकांनी पैसे घेऊन विक्काचे विधी लिहून दिले ही जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तिला काही आधार आहे का? शिवाय 'बुक ऑफ शॅडोज', म्हणजे सावल्यांची वही, पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकलून घेतली जात आली असे म्हणतात, तर तिचा माग किती मागे जातो? कोणी काय मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि तो मी विचारत नाही. मला माणसे, कागद आणि तारखा हव्या आहेत.

दप्तरखाना

मृण्मयीताई, पहिल्या प्रश्नाला 'थोडे मिळाले, थोडे रचले' असे उत्तर देऊन मोकळे होता येईल, पण ते आळशी उत्तर ठरेल. म्हणून आधी माणूस पाहू.

गार्डनर यांचा जन्म १८८४ साली लिव्हरपूलजवळ, इमारती लाकडाची आयात करणाऱ्या सधन घराण्यात झाला. लहानपणापासून दम्याचा विकार असल्यामुळे शाळा अशी झालीच नाही; हवापालटासाठी दाईबरोबर देशोदेशी हिंडण्यात बालपण गेले. कोवळ्या वयातच ते सिलोनला चहाच्या मळ्यावर गेले, पुढे बोर्निओ आणि मलाया येथे मळ्यांवर आणि नंतर मलायातच सरकारी नोकरीत राहिले, आणि १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी मलायी 'क्रिस' या नागमोडी कट्यारीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विक्काच्या विधीत काळ्या मुठीच्या सुरीला जे मानाचे स्थान आहे, त्याचे मूळ या शस्त्रवेडात असावे असे मला पूर्वी वाटत असे. परंतु अशी सुरी 'सॉलोमनची किल्ली' या जुन्या मंत्रग्रंथात आधीच आहे आणि त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८८९ पासून कोणालाही मिळत होते, त्यामुळे तो तर्क मी सोडून दिला.

गार्डनर यांचे स्वतःचे म्हणणे असे होते : दक्षिण इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्ट या जंगलाजवळ राहायला आल्यावर क्राइस्टचर्च येथील एका रोझिक्रुशियन (गूढविद्येच्या एका जुन्या परंपरेचे नाव सांगणाऱ्या) मंडळाच्या नाट्यगृहात त्यांची ओळख काही माणसांशी झाली. ही माणसे एका जुन्या कव्हनची, म्हणजे दीक्षितांच्या छोट्या मंडळाची, सभासद निघाली, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये 'ओल्ड डोरोथी' नावाच्या श्रीमंत बाईंच्या घरी गार्डनर यांना दीक्षा मिळाली. हे जाहीर करण्याची मुभा मात्र त्यांना लगेच मिळाली नाही. १९४९ साली त्यांनी टोपणनावाने एक कादंबरी काढली आणि विधींचा काही भाग तिच्या आडून मांडला. जादूची शक्ती असल्याचा दावा करणे हा १७३५ च्या कायद्याने गुन्हा होता. तो कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक त्यांच्या खऱ्या नावाने आले. त्यात त्यांनी आपण धर्मसंस्थापक आहोत असे कोठेही म्हटलेले नाही. मरणपंथाला लागलेल्या एका पंथाची नोंद करून ठेवणारा मानववंशशास्त्राचा अभ्यासक, अशी भूमिका त्यांनी घेतली आहे.

त्या पुस्तकाला प्रस्तावना मार्गारेट मरे यांची आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. मरेबाई मूळच्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक. १९२१ साली त्यांनी असा सिद्धान्त मांडला की चेटकिणींवरच्या खटल्यांत दिसते ते सैतानाचे पूजन नसून ख्रिस्तपूर्व काळातील सुफलन देवतेचा संघटित पंथ आहे, त्याची तेरा-तेरा जणांची मंडळे होती आणि 'सैतान' म्हणजे शिंगांचा मुखवटा घातलेला पुरोहित होता. पुढच्याच वर्षी जॉर्ज बर या अमेरिकी इतिहासकाराने त्यावर कडाडून टीका केली, पण १९२९ पासून ब्रिटानिका विश्वकोशातील चेटूकविद्येवरची नोंदच मरेबाईंची होती, आणि विश्वकोशात छापलेले मत सामान्य वाचकाला मत वाटत नाही. पुढे १९७५ साली नॉर्मन कोन यांनी त्यांची अवतरणे मूळ कबुलीजबाबांशी ताडून पाहिली. हवेत उडणे, रूप बदलणे असे अशक्य तपशील ज्या वाक्यांत होते ती वाक्ये बाईंनी गाळली होती, आणि उरलेला भाग साध्या ग्रामीण मेळाव्याच्या वर्णनासारखा दिसत होता. तेरांच्या कव्हनचा मुख्य आधार तर स्कॉटलंडमधील इसोबेल गौडी या बाईचा १६६२ चा एक कबुलीजबाब होता.

गार्डनर यांच्या पुस्तकातील पंथ मरे यांच्या सिद्धान्ताशी तंतोतंत जुळतो, आणि मरे प्रस्तावना लिहून त्या पंथाला दुजोरा देतात. दोन साक्षीदार एकमेकांच्या शब्दावर साक्ष देत असतील, तर त्या दोन साक्षी धरायच्या की एक, हे आपणच ठरवा. माझ्या मते १९३९ साली गार्डनर यांना कोणीतरी भेटले असावे, परंतु ते भेटलेले लोक स्वतःच मरेबाईंची पुस्तके वाचून तयार झालेले असणे अगदी शक्य आहे. नाट्यगृह चालवणाऱ्या मंडळाभोवती जमलेली, गूढविद्येची आवड असलेली सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे होती ती. प्राचीन वारसा त्यांच्यापर्यंत रक्ताने पोहोचला असे मानण्यापेक्षा वाचनालयातून पोहोचला असे मानणे सोपे आहे.

निशाचर

दप्तरखाना यांनी विक्काची बाजू चांगली मांडली आहे, पण मांडणी १९३९ पासून सुरू केली तर अर्धे घर दिसतच नाही. विक्काच्या विधीत वर्तुळ आखणे, चार दिशांना चार महाभूतांचे आवाहन करणे, पंचकोनी ताऱ्याने ते 'बांधणे' हे जे सारे आहे, ते कोणत्याही खेडूत चेटकिणीचे नाही. ते लंडनच्या एका मंडळातून आले, आणि त्या मंडळाच्या जन्माची कथा गार्डनर यांच्या कथेपेक्षाही रंगतदार आहे.

'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' हे मंडळ १८८८ साली स्थापन झाले. संस्थापक तिघे : लंडनमध्ये कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, असलेले डॉक्टर विल्यम विन वेस्टकॉट, सॅम्युएल लिडेल मॅकग्रेगर मॅदर्स, आणि वयाने ज्येष्ठ असलेले डॉक्टर विल्यम रॉबर्ट वुडमन. तिघेही फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे सभासद होते, आणि क्रमाक्रमाने वर चढणाऱ्या दीक्षा, डोळ्यांवर पट्टी, शपथा, हा सगळा सांगाडा तिथूनच आला. पुढे विक्काच्या तीन दीक्षांतही तो ओळखू येतो.

वेस्टकॉट यांचे सांगणे असे की त्यांच्या हाती सांकेतिक लिपीतील जुनी पाने आली. ती उलगडल्यावर काही दीक्षाविधींचे आराखडे निघाले, आणि सोबत जर्मनीतील अ‍ॅना श्प्रेंगेल नावाच्या थोर साधिकेचा पत्ता. वेस्टकॉट यांनी पत्र लिहिले, बाईंनी इंग्लंडमध्ये मंडळ काढण्याचा अधिकार दिला, आणखी काही पत्रे आली, आणि १८९० साली त्या वारल्याचे कळले. संकेत उलगडल्यावर निघालेली भाषा मात्र इंग्रजी होती. १९७२ साली एलिक हाउ यांनी या मंडळाचा कागदोपत्री इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा त्या जर्मन पत्रांची भाषाही तपासून घेतली. ती लिहिणाऱ्याची मातृभाषा जर्मन नसून इंग्रजी असावी असा निष्कर्ष निघाला. श्प्रेंगेलबाई होत्या याचा एकही स्वतंत्र पुरावा नाही.

तरीही हे बिंग बाहेरच्या संशोधकाने प्रथम फोडले असे नाही. ते मंडळातच फुटले. फेब्रुवारी १९०० मध्ये पॅरिसला राहणाऱ्या मॅदर्स यांनी लंडनची धुरा सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्स फार या अभिनेत्रीला पत्र लिहून कळवले की वेस्टकॉट यांचा जर्मनीशी कधी संबंधच आला नव्हता आणि ती पत्रे बनावट आहेत. सभासद हादरले. त्यांनी चौकशी समिती नेमली, कवी यीट्स तिच्यात होते. पुरावा द्यायला मॅदर्स तयार नव्हते. उलट त्यांनी एप्रिलमध्ये आपला तरुण शिष्य लंडनला पाठवून हॅमरस्मिथमधील ब्लाइद रोडवरची मंडळाची जागा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. हा शिष्य स्कॉटिश डोंगराळ मुलखातील पोशाख चढवून आणि चेहऱ्यावर मुखवटा लावून तिथे गेला होता. त्याचे नाव अ‍ॅलिस्टर क्रोली.

मृण्मयीताई, आपल्या क्रोलीविषयीच्या प्रश्नाकडे आता येतो. कर्मठ प्लिमथ ब्रेदरन पंथाच्या घरात १८७५ साली जन्मलेला हा माणूस १८९८ साली गोल्डन डॉनमध्ये आला. १९०४ च्या एप्रिलमध्ये कैरोत तीन दिवस रोज एक तास 'आयवास' नावाच्या अदृश्य सत्तेने आपल्याला एक ग्रंथ सांगितला आणि आपण तो केवळ उतरवून घेतला, असा त्याचा दावा होता, आणि त्यावर त्याने थेलेमा हा पंथ उभा केला. गार्डनर आणि क्रोली यांची भेट मे १९४७ मध्ये, हेस्टिंग्ज येथील ज्या विश्रामगृहात क्रोलीने अखेरचे दिवस काढले तिथे झाली. त्यानंतर थोड्याच भेटी झाल्या आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला क्रोली वारला. त्याने स्वतःच्या 'ओटीओ' या मंडळाचा अधिकार गार्डनर यांना दिला याचा कागद उपलब्ध आहे. विधी लिहून देण्यासाठी पैसे घेतले या गोष्टीला मात्र कोणताही कागद पाठीशी नाही, आणि त्याची गरजही नव्हती. क्रोलीचे लेखन छापील स्वरूपात उपलब्ध होते. त्यातील उतारे उचलायला लेखकाची परवानगी लागत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. गोल्डन डॉनच्याही मागे एक पिढी आहे. आल्फाँस लुई काँस्टां हा पुरोहित होण्यासाठी शिकलेला, पण पूर्ण पुरोहित न झालेला फ्रेंच गृहस्थ 'एलिफास लेव्ही' या हिब्रू वळणाच्या नावाने लिहू लागला, आणि १८५० च्या दशकात त्याने टॅरो या चित्रपत्त्यांतील २२ चित्रे हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी जोडली. टॅरो इजिप्तमधून आला ही समजूत त्याआधीची, १७८१ ची. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती, त्यामुळे तिच्या नावावर काहीही खपत असे. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी तयार झाले.

मृण्मयी_वाचते

आपणा दोघांचेही मनापासून आभार. एक साम्य मला खटकले, ते विचारते. गार्डनर म्हणतात मला डोरोथीकडून मिळाले, वेस्टकॉट म्हणतात जर्मन बाईंकडून, क्रोली म्हणतात अदृश्य सत्तेने सांगितले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनाही त्यांचे महात्मे पत्रे पाठवीत. 'हे मी लिहिले आहे' असे म्हणणारा एकही संस्थापक या साऱ्या इतिहासात सापडत नाही का? आणि तसे असेल तर मग सगळेच बनावट म्हणून पुस्तके मिटून ठेवावीत का?

पाणवठा

मिटून ठेवू नयेत, अशी माझी विनंती आहे. आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांच्या सुराशी माझे थोडे वाकडे आहे.

संस्थापकाने वंशावळ बनावट दिली म्हणजे त्याने जे उभे केले ते पोकळ, हे अनुमान मला घाईचे वाटते. याचे सर्वांत ठळक उदाहरण वेल्समध्ये आहे. एडवर्ड विल्यम्स हा ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, कवी आणि अफूच्या अर्काचा व्यसनी. 'इओलो मॉर्गनुग' या नावाने तो ओळखला जाई. जुन्या वेल्श हस्तलिखितांचा त्याचा व्यासंग अस्सल होता, आणि त्यांच्याच शैलीत नवी हस्तलिखिते तयार करण्याचे त्याचे कसबही तितकेच अस्सल होते. १७९२ साली त्याने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर खडे मांडून कवींची सभा, 'गोर्सेथ', भरवली आणि ती ड्रुइडांपासून अखंड चालत आलेली आहे असे सांगितले. त्याने एक प्राचीन ड्रुइडी लिपीसुद्धा प्रसिद्धीला आणली, तीही त्याचीच. त्याच्या जुळवाजुळवीचा छडा विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श विद्वानाने लावला, तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. गोर्सेथ मात्र १८१९ पासून वेल्सच्या साहित्यमहोत्सवाशी जोडली गेली होती आणि आजही तिथे कवींचा सन्मान तीच करते. तिचा पेगन धर्माशी काही संबंध नाही, तरीही इओलोने रचलेली प्रार्थना आजचे पेगन ड्रुइड आपल्या विधीत म्हणतात. ज्या स्टोनहेंजपाशी ते जमतात, तेथील मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या आसपास उभ्या राहिल्या आणि ड्रुइडांचा लेखी उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी येतो, हे त्यांच्यापैकी वाचन असलेल्यांना चांगले ठाऊक असते.

दुसरे असे की 'जुने काहीच नव्हते' ही मांडणीही खरी नाही. इंग्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मंतरणारी, हरवलेली वस्तू सांगणारी, गुराढोरांवरची बाधा उतरवणारी माणसे होती. 'कनिंग फोक', म्हणजे जाणती माणसे, असे त्यांना म्हणत. त्यांचे मंत्र बहुधा बायबलच्या स्तोत्रांतले असत आणि ती स्वतःला ख्रिस्तीच समजत. चेटकीण हा त्यांच्या लेखी शत्रू होता. त्यामुळे विक्काला त्यांचा वारस म्हणता येत नाही, पण जादू ही ब्रिटनमध्ये केवळ लंडनच्या बैठकीच्या खोल्यांत होती, हा निशाचर यांच्या लेखनातून होणारा समज दुरुस्त व्हायला हवा.

'नव्वद लाख चेटकिणी जाळल्या' हा आकडा गार्डनर यांच्या लेखनातून पंथभर पसरला, त्याबाबत मात्र मी कोणाचीही बाजू घेणार नाही. अठराव्या शतकातील एका जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या नोंदींवरून साऱ्या युरोपसाठी आणि कित्येक शतकांसाठी त्रैराशिक मांडले, त्यातून तो निघाला. आजचे इतिहासकार ४०,००० ते ६०,००० माणसांना देहदंड झाला असे मानतात, आणि मारल्या गेलेल्या त्या माणसांत पेगन देवतांची उपासक असल्याचा पुरावा असलेली जवळजवळ कोणीच नाहीत.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. 'हे आम्ही आज सुरू करत आहोत' असे उघडपणे म्हणणारे संस्थापक आहेत, फक्त ते इंग्लंडमध्ये शोधू नयेत. आइसलँडमध्ये स्वेनब्योर्न बेइन्तेइन्सन हा मेंढपाळ शेतकरी होता, जुन्या धाटणीची दीर्घकाव्ये गाणारा म्हणून लोकांना ठाऊक होता. १९७२ साली, उन्हाळ्याचा पहिला दिवस म्हणून तिथे पाळल्या जाणाऱ्या दिवशी, त्याने काही सोबत्यांबरोबर 'आसात्रू' हा पंथ स्थापन केला, आणि पुढच्याच वर्षी त्याला सरकारी मान्यता मिळाली. गुप्त गुरू नाही, सांकेतिक लिपी नाही, अखंड वंशावळीचा दावा नाही. तसा दावा करण्याची गरज त्याला का पडली नाही, हे पाहण्यासारखे आहे. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास, लोकसभेच्या निर्णयाने, आणि जुन्या देवांच्या कथा तेराव्या शतकात तिथल्याच ख्रिस्ती माणसांनी तिथल्याच भाषेत लिहून ठेवल्या. आजचा शाळकरी मुलगाही त्या थोड्या प्रयासाने वाचू शकतो. ज्याच्या घरात आजोबांची वही आहे, त्याला आजोबांची खोटी सही करावी लागत नाही.

लिथुएनियाचे चित्र आणखी निराळे आहे. १३८७ मध्ये ख्रिस्ती झालेला तो युरोपातील शेवटचा देश, आणि त्याची लोकगीते विपुल. १९६७ साली सोव्हिएत राजवटीत योनास त्रिंकूनास आणि त्यांच्या मित्रांनी केर्नावे येथे उन्हाळी अयनदिन साजरा केला, तो लोकसंस्कृतीचा कार्यक्रम म्हणून. पुढे त्यावर बंदी आली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा उभा राहिला आणि 'रोमुवा' या नावाने धर्म म्हणून नोंदला गेला. तिथे कळीचा प्रश्न वंशावळीचा नव्हताच. तो राज्याच्या मान्यतेचा होता, आणि २०२१ साली तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाऊन रोमुवाच्या बाजूने लागला.

अनुपमा_ग्रंथपाल

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ज्या बाईंमुळे यातील बरेच काही आपल्याला कळले त्यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे मला नवल वाटते. त्या म्हणजे डोरीन व्हॅलिएंटे. पाणवठा यांच्या आइसलँडच्या उदाहरणाला इंग्लंडमधून कोणी जोड असेल तर त्याच.

१९५३ साली गार्डनर यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली. त्यांचे वाचन दांडगे होते, आणि गार्डनर यांनी 'प्राचीन' म्हणून हाती दिलेल्या विधीत क्रोलीची वाक्ये त्यांनी ताबडतोब ओळखली. चार्ल्स लीलँड यांच्या १८९९ च्या इटालियन चेटूकविद्येवरील पुस्तकातला उताराही ओळखला. मे महिन्याच्या आदल्या रात्रीच्या विधीत म्हणायचे गीत तर किपलिंगच्या १९०६ च्या मुलांच्या पुस्तकातले निघाले. त्यांनी गार्डनर यांना तोंडावर विचारले. आपल्याला मिळालेले विधी तुटक होते आणि गाळलेल्या जागा भरून काढाव्या लागल्या, असे ते म्हणाले, आणि तुला अधिक चांगले जमत असेल तर तूच करून दाखव, असेही सुचवले. बाईंनी ते केले. क्रोलीचा बराचसा भाग काढून टाकला आणि 'देवीचा आदेश' म्हणून आज जगभर म्हटले जाणारे पठण आधी पद्यात आणि मग गद्यात नव्याने लिहिले. मृण्मयीताई, 'हे मी लिहिले आहे' असे म्हणणारी व्यक्ती आपण शोधत होता. व्हॅलिएंटे यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकांत कोणता भाग कोठून आला आणि आपला कोणता, हे सांगून टाकले.

त्यांचे आणि गार्डनर यांचे बिनसले १९५७ साली, आणि त्या भांडणाचा तपशील मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. गार्डनर यांना वृत्तपत्रांत झळकण्याची फार हौस होती; इतरांना त्याची धास्ती वाटे. म्हणून व्हॅलिएंटे आणि काही सभासदांनी प्रसिद्धीला आवर घालणाऱ्या नियमांचा मसुदा केला. उत्तरादाखल गार्डनर यांनी कळवले की नियमांची गरज नाही, पंथाचे प्राचीन कायदे आधीपासून आहेतच, आणि त्यांची संहिताही पाठवली. भाषा ओढूनताणून जुनी केलेली, आणि एका कलमात असे, की मुख्य पुरोहितेने वय झाल्यावर तरुण स्त्रीसाठी सन्मानाने पद सोडावे. इतकी वर्षे हे कायदे होते तर ते आजवर कोणाला दाखवले का नाहीत, असा साधा प्रश्न बाईंनी विचारला आणि त्या बाहेर पडल्या. ज्या क्षणी अडचण आली त्याच क्षणी प्राचीन दस्तऐवज सापडतो, ही वेस्टकॉट यांचीच युक्ती होती. फरक इतकाच, की या वेळी समोर ग्रंथ वाचणारी बाई बसली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओल्ड डोरोथी ही व्यक्ती काल्पनिकच असावी, अशी शंका पुढे एका इतिहासकाराने छापून आणली. तेव्हा गार्डनर यांच्याशी फाटलेल्या याच बाईंनी १९८० साली शोध सुरू केला, सरकारी नोंदवह्या धुंडाळल्या आणि डोरोथी क्लटरबक यांचा जन्मदाखला शोधून काढला. जन्म १८८०, बंगालमध्ये, मृत्यू १९५१. म्हणजे डोरोथी होत्या. (मार्गारेट मरे यांचाही जन्म कलकत्त्याचा. या योगायोगातून कृपया कोणी नवा सिद्धान्त काढू नये.) त्या चेटकीण होत्या का, हा निराळा प्रश्न आहे. त्या गावातल्या प्रतिष्ठित, चर्चला जाणाऱ्या, राजकारणाने कॉन्झर्व्हेटिव्ह गृहस्थीण होत्या आणि त्यांच्या रोजनिशांत फुले, कविता आणि जलरंगातली चित्रे आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनल्ड हटन यांनी १९९९ च्या ग्रंथात असे सुचवले, की गार्डनर यांनी हे नाव आडपडदा म्हणून वापरले असावे आणि खरी दीक्षागुरू इडिथ वुडफोर्ड-ग्राइम्स ही वक्तृत्वकला शिकवणारी शिक्षिका असावी. फिलिप हेसल्टन यांनी स्थानिक कागदपत्रांचा पिच्छा पुरवून न्यू फॉरेस्टचे मंडळ खरोखर होते असे मांडले आहे. मला हेसल्टन यांची चिकाटी आवडते आणि हटन यांचा निष्कर्ष पटतो.

दप्तरखाना

अनुपमाताईंनी व्हॅलिएंटे यांचे नाव घेतले हे फार बरे झाले; माझ्या पहिल्या प्रतिसादात ती उणीव राहिली होती. पाणवठा यांचा जाणत्या माणसांविषयीचा मुद्दाही मान्य करतो. सावल्यांच्या वहीचा प्रश्न तेवढा उरला आहे, तो घेतो.

गार्डनर यांच्या हातची जी सर्वांत जुनी वही ज्ञात आहे तिचे नाव 'बुक ऑफ शॅडोज' नाहीच. तिच्यावर मुद्दाम जुन्या वाटणाऱ्या वर्णलेखनात 'जादूच्या कलेचे पुस्तक' अशा अर्थाचे शीर्षक आहे, आणि आत सॉलोमनच्या किल्लीतले उतारे, क्रोलीचे उतारे आणि दीक्षाविधींचे पहिले खर्डे एकत्र आहेत. ती १९४० च्या दशकातली समजली जाते. १९४९ च्या कादंबरीतही सावल्यांच्या वहीचा उल्लेख नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ग्रंथाचे नाव त्याच्या मुख्य प्रचारकाला तोवर ठाऊक नसावे, हे विचित्र आहे.

त्या नावाचा उगमही व्हॅलिएंटे यांनीच शोधला. १९४९ सालच्या 'द ऑकल्ट ऑब्झर्व्हर' या नियतकालिकात मीर बशीर या हस्तसामुद्रिकतज्ज्ञाचा एक लेख आला होता. माणसाच्या सावलीची लांबी मोजून त्याचे भविष्य सांगण्याची पद्धत सांगणाऱ्या एका संस्कृत हस्तलिखिताविषयीचा तो लेख होता, आणि त्याचे शीर्षक होते 'बुक ऑफ शॅडोज'. त्याच्या शेजारच्याच पानावर गार्डनर यांच्या त्या कादंबरीची जाहिरात छापलेली होती.